चौदा नंबरचा ॲप्रन

ही वही माझ्या मुलीची, कोमलची. नववीच्या भूगोलाची. पुढच्या पानांवर नद्या आणि डोंगर आहेत, मागची पानं कोरी राहून गेली होती. त्या कोऱ्या पानांवर मी आज जे लिहायला बसलेय ते अकरा वर्षांत माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा मी ते पुरतं म्हटलेलं नाही — अर्ध्यावर येते, आणि दिव्याची वात सारखी करत बसते.

तू कोण आहेस, मला ठाऊक नाही. मैत्रीण समजून लिहितेय. तशी मला मैत्रीण एकच होती, आणि हे सगळं तिचंच आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. पण झालं ते चुकीचं सांगणार नाही. एकदा सांगितलं, तेवढं पुरे झालं.

गेल्या रविवारी कोमल आली होती. ती चाकणला कंपनीत आहे, ऑफिसात बसते. जेवताना सांगत होती — तिच्याकडचा एक साहेब आणि त्याच्या हाताखालची एक मुलगी, दोघांचं जुळलंय. मी भाकरी थापत होते. मला वाटलं, आता मुलीला तरी काढलंच असेल. तर म्हणाली, "काढतील कशाला? दोघांनी ऑफिसला लिहून दिलं. आता तिचं काम तो तपासत नाही, दुसरा तपासतो. संपला विषय." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "अगं आई, जुळल्यानं काय होत नाय. लपवलं की मधल्यामधी तिसऱ्याचा बळी जातो."

पोरीनं सहज म्हटलं. माझे यजमान — हे माझं दुसरं लग्न, ते पुढे येईलच — शेजारी जेवत होते. त्यांचा हात ताटातच थांबला. माझी तव्यावरची भाकरी करपली. आम्हा दोघांना एकच नाव आठवलं, आणि दोघांपैकी कुणीही ते घेतलं नाही. आम्ही ते कधीच घेत नाही.

तिचं नाव शैला.

मी पहिल्यापासून बुजरी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा सुकतो. सासरी मला गरीब गाय म्हणायचे. पहिला नवरा तापानं चार दिवसांत गेला, कोमल तेव्हा आठ वर्षांची. तेव्हाही माझा रडण्याचा आवाज निघाला नाही म्हणे. दोन वर्षांनी सासूबाईंनीच मला द्राक्षाच्या शेडमध्ये कामाला लावलं. आमच्या जुन्नर भागात हंगाम आला की अशी शेडं भरून वाहतात. परदेशी जाणारा माल तिथे निवडायचा, कात्रीनं वाईट मणी काढायचे, घड डब्यात बसवायचे, डब्यांची पेटी करायची. सगळं बायांचं काम. सकाळी पिकअप गावोगाव फिरून बाया गोळा करायची, पिंपरी पेंढारला शैला चढायची, आणि ती चढली की गाडीत आवाज सुरू व्हायचा.

शेडमध्ये आत जाताना डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगात पांढरा ॲप्रन. ॲप्रनच्या पाठीवर लाल रंगानं मोठा नंबर. माझा एकतीस, शैलाचा चौदा. बाकीच्या बाया त्या मास्कला वैतागायच्या, जीव गुदमरतो म्हणायच्या. मला — कसं सांगू — मला तो आवडायचा. पहिल्यांदाच मी अशा जागी होते, जिथे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. चाळीस बायांत फक्त डोळे. त्या डोळ्यांत मी इतरांसारखीच होते. बुजरी नव्हते. विधवाही नव्हते.

शैलानं मला हाताशी धरलं. घड कसा उचलायचा — देठाला धरून, मण्यांवरची पांढरी भुकटी पुसली जाता कामा नये — कात्रीचं टोक आत कसं न्यायचं, चिरलेला मणी वासावरून कसा ओळखायचा. तिच्या कात्रीच्या मुठीला तिनं निळा दोरा गुंडाळला होता, बोट कापू नये म्हणून. "सुमे, घड म्हंजी नवी नवरी," ती म्हणायची, "धरायची, पर धरलीय असं वाटू द्यायचं न्हाई." सगळं टेबल हसायचं. मीही हसायचे. मास्कच्या आत.

आता त्या माणसाबद्दल.

शेडमध्ये एक चेकर होता. आमच्या भरलेल्या पेट्या त्याच्यापुढून जायच्या. वजन बघायचा, डबा उलटून बघायचा, बरोबर असली तर खडूनं खूण, नसली तर पेटी परत. परत आलेली पेटी जेवणाच्या सुट्टीत उभ्यानं पुन्हा भरावी लागे. त्याची बायको फारकत घेऊन गेली होती, मूलबाळ नव्हतं. कमी बोलायचा. एकदा माझी पेटी परत करताना त्यानं डबा उलटून दाखवला नाही, दुसऱ्यांना दाखवायचा तसा. फक्त म्हणाला, "हे दोन मणी तेवढे काढा." मला कुणी 'काढा' म्हटलेलं नव्हतं. सगळे 'काढ' म्हणायचे.

एवढ्यावरून कुणाचं मन बसतं का? माझं बसलं.

पुढं काय सांगू? डोळ्यांनीच झालं सगळं. पेटी त्याच्यापुढे ठेवताना मी वर बघायचे, तोही बघायचा. दोन महिन्यांत आमचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल एवढं झालं असेल. दोघंही मोकळे होतो. कुणाचा संसार मोडत नव्हता. त्यात वाईट होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. म्हणूनच जे वाईट होतं ते नीट सांगितलं पाहिजे.

वाईट हे होतं की माझ्या पेट्या परत यायच्या बंद झाल्या. माझा हात एवढा बसला नव्हता. घाईत माझ्याकडून चिरका मणी राहून जायचा, मला राहिलेला कळायचाही. पेटीवर खूण यायची. मालकांची बायको शेड बघायची, तिला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींना रोज काही पेट्या परत गेलेल्या दिसाव्या लागत, नाहीतर चेकर झोपला होता का विचारायच्या. म्हणजे माझी परत आली नाही की दुसऱ्या कुणाची तरी यायची. चांगली असली तरी. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून बसायचे, आणि समोर कुणीतरी उभी राहून माझ्या वाटची पेटी पुन्हा भरत असायची. मला ते ठाऊक होतं. मी भाजीत भाकरी बुडवून खायचे.

शैलाची पेटीही परत यायची नाही. पण तिचा हातच तसा होता. सगळ्या शेडमध्ये तसा हात नव्हता.

त्या मंगळवारी परदेशी मालवाल्यांचा तपासनीस येणार होता. स्वच्छ ॲप्रनशिवाय आत घेणार नाही, असं वहिनींनी आदल्या दिवशी बजावलं होतं. मी माझा धुऊन वाळत घातला, आणि रात्रीतून आमच्या शेळीनं दोरीवरून ओढून शेणात लोळवला. सकाळी शेडपाशी बाकीच्या बाया पिकअपमधून उतरून गेल्या, तरी मी रडकुंडीला येऊन आतच बसले होते. शैलानं पिशवीतून घडी काढून माझ्या मांडीवर टाकली. ती शेडवर जुनी, तिच्याकडे आदल्या हंगामातला एक जादा ॲप्रन होता. त्याच्यावरही चौदाच. "घाल," म्हणाली. "तपासनीस डाग बघतोय, पाढे न्हाई म्हणून घेत."

त्या दिवशी शेडमध्ये दोन चौदा नंबर होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. टोपी, मास्क, मोजे — कोण कुणाची पाठ वाचत बसतंय?

चहाच्या सुट्टीत सगळ्या बाया इकडेतिकडे पांगल्या. थंड खोलीच्या मागे रिकाम्या खोक्यांची थप्पी होती, तिथे त्यानं मला बोलावलं होतं. तो म्हणाला, हंगाम संपला की तुमच्या सासूबाईंकडे येऊ का विचारायला? मी मान हलवली. त्यानं माझा हात धरला. मोज्यासकट. एवढंच. झाडूकाम करणारी सखूमावशी खोकी न्यायला आली आणि तिनं मागून पाहिलं. तोंड तिला दिसलं नाही. पाठ दिसली.

संध्याकाळी पिकअप ओतूरच्या पुढे येईपर्यंत गोष्ट सगळ्या गाडीला कळली होती. शैला त्या दिवशी नवऱ्याच्या टेम्पोतून आधीच घरी गेलेली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते — चौदा नंबर, चौदा नंबर. आणि लगेच कुणीतरी म्हणालं, "तरीच! म्हणून तिची पेटी कधी माघारी येत न्हाई." मग एकेकीला सगळं आठवायला लागलं. तिचं हसणं. तिचं बोलणं. मी म्हणू शकत होते की तो ॲप्रन आत्ता माझ्या पिशवीत आहे. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी ती घट्ट धरली.

रात्रभर विचार केला असं मी लिहिणार नाही. मला झोप लागली होती.

सकाळी वहिनी टेबलांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "चौदा नंबर कुणाचा?"

शैला पुढे झाली. तिला एव्हाना कळलं होतं. घाबरलेली नव्हती, रागावलेली होती. "माझा. पर काल शेडात माझे दोन ॲप्रन व्हते, वहिनी. एक माझ्या अंगात, एक सुमनला दिला व्हता." मग माझ्याकडे वळली, आणि तिचा राग गेला. तिला तेव्हाच कळलं असावं, की खोक्यांमागे मी होते. तिचे डोळे एकदम मऊ झाले. हळूच म्हणाली, "सांग की गं सुमे. मी हाय."

'मी हाय' म्हणाली ती. म्हणजे तू सांग, पुढचं मी बघते. आजवर मला असं कुणी म्हटलं होतं?

वहिनींनी विचारलं, "सुमन, काल तू चौदा नंबर घातला होतास?"

मी म्हणाले, "नाही. मी माझाच घातला होता."

हेच ते. अकरा वर्षं गिळून ठेवलेलं हेच आहे.

चाळीस माणसांपुढे मी आयुष्यात इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते. घसा सुकला नाही. आवाज कापला नाही. मास्क होता ना तोंडावर. सखूमावशी लगेच म्हणाली, "ही कशाला खोटं बोलंल? हिला तर खरं बोलतानासुदिक कुणी ऐकली न्हाई." बाया हसल्या. माझा बुजरेपणा माझ्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. जी कधी बोलत नाही ती बोलली, म्हणजे खरंच असणार.

शैला माझ्याकडे बघत राहिली. वाद घातला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिनं मोजे काढले, एकात एक घालून टेबलावर ठेवले, आणि गेली. कात्री तिथेच राहिली.

चेकरला वहिनींनी ऑफिसात बोलावलं. त्यानं "कुणी नव्हतं" एवढंच सांगितलं. त्याला बोलणी बसली आणि तो कामावर राहिला. ऐन हंगामात चेकर कुठून आणणार? निवडणारी बाई मिळते.

तू म्हणशील, तुझी पोर होती. हो, होती. सासूबाईंनी पोर ठेवून घेऊन मला माहेरी धाडलं असतं, ही भीती होती. पण शैलालाही दोन पोरं होती. ती भीती मी उचलून तिच्या घरात ठेवली, एवढंच झालं. तिच्या नवऱ्यानं तिला तीन महिने माहेरी, घोडेगावच्या बाजूला, नेऊन सोडली. पोरांचे हाल व्हायला लागले तेव्हा परत आणली. आणली, पण पुढं कुठल्या शेडनं तिला घेतलं नाही. असा हात — आणि ती दुसऱ्याच्या रानात कांदे खुरपत बसली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तो ॲप्रन पाणी तापवायच्या चुलीत घातला. कापड लगेच पेटलं. नंबरचा रंग जाडसर होता, तो मागं राहिला, तडतडत राहिला. त्याच पाण्यानं कोमलला न्हाऊ घातलं.

पंख्याजवळचं शैलाचं टेबल वहिनींनी मला दिलं. तिची निळ्या दोऱ्याची कात्रीही. पुढचे दोन हंगाम मी तीच वापरली. माझं एकदाही बोट कापलं नाही.

आणि तो? तो सासूबाईंकडे आला विचारायला, पण दोन वर्षांनी. आधी धीर झाला नाही. सासूबाई कुरकुरल्या, मग तयार झाल्या. भीमाशंकरला जाऊन आम्ही हार घातले. तोच चेकर आता माझ्या घरातले 'हे'. माणूस चांगला आहे. कोमलला त्यांनीच शिकवलं, कधी तिला परकं केलं नाही. मला अजून 'अहो' म्हणतात, रागातसुद्धा. मी सुखात आहे. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही म्हटलंय ना.

लग्नानंतर गावात काय बोलले ठाऊक आहे? म्हणाले, शैलानं नादी लावलेला माणूस या गरीब बाईनं मार्गाला लावला. मोठ्या मनाची आहे म्हणाले. बाया हळदीकुंकवाला मला ओढून पुढे बसवायच्या. आणि मी बसायचे.

आम्ही दोघं एकमेकांत याबद्दल कधी बोललो नाही. त्यांना ठाऊक आहे मी काय केलं, मला ठाऊक आहे त्यांनी काय केलं. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांच्या पेटीवर खूण करत आलोय. दोघांनाही आतला मणी माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी ओतूरला बाजारच्या दिवशी ती दिसली. एसटी स्टँडच्या बाहेर गोणपाट अंथरून भाजी घेऊन बसली होती. केस पांढरे झालेत. हे माझ्याबरोबर होते. मला वळता आलं असतं, पण तिनं पाहिलं होतं. आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

"लगीन केलं व्हय?" म्हणाली. "बरं केलं."

हे गाडीची पाटी वाचायला लागले. ती गाडी आमची नव्हती.

तिनं मेथीची जुडी उचलली, झटकली, आणि माझ्यापुढं धरली. "पिशवी धर. पिवळी पानं घरी निवडून घे. तुला निवडता येती चांगली. मीच शिकवलीय."

मी पिशवी धरली. पैसे दिले. तोंडावर पदर नव्हता, मास्क नव्हता, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

संध्याकाळी मी मेथी निवडली. एकही पिवळं पान निघालं नाही. तिनं आधीच निवडून ठेवली होती. ती भाजी यांनी खाल्ली नाही. मी खाल्ली.

कोमलला मी काही सांगितलेलं नाही. रविवारी जाताना ती म्हणाली, आई, तू गप्प गप्प का? मी म्हणाले, मी कधी बोलते? ती हसली. माझं गप्प बसणं सगळ्यांना स्वभाव वाटतो. पहिल्यापासून तो स्वभावच होता. त्या सकाळपासून त्याच्याआड मी राहतेय.

त्या सकाळी वहिनींनी विचारलं तेव्हा जे म्हणायचं होतं ते मोठं नव्हतं. आता बघते तर पानावर चार ओळीसुद्धा होत नाहीत.

काल चौदा नंबरचा ॲप्रन मी घातला होता. खोक्यांमागे मी होते. शैला नव्हती. तिच्या पेट्या परत येत नव्हत्या, कारण तिचा हात चांगला होता.